गिटार न वाजवता येणारा गिटारवाला

आपल्या कॉलेजच्या बँडमध्ये एक मुलगा ड्रमच्या शेजारी, जरा मागे, खांद्याला लांब दांड्याची चार तारांची गिटार अडकवून उभा असतो. तो वाजवतोय की नुसताच उभा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. तो मी. त्या वाद्याला बेस गिटार म्हणतात. मी वाजवत असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. थांबलो की मात्र गाण्यातली हवा गेल्यासारखं वाटतं. निदान मी तरी स्वतःची अशी समजूत काढत आलोय.

मागच्या गॅदरिंगला तिसऱ्या गाण्यात आठ मात्रांचा एक तुकडा होता, फक्त माझा. बाकीचे हात आखडते घेणार आणि बेस पुढे येणार, असं ठरलेलं. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये प्रॅक्टिस करताना झकास वाजायचं. स्टेजवर ड्रम, दोन गिटार आणि समोरच्या शिट्ट्या यांच्यात माझं मलाच ऐकू येईना. तुकडा आला तसा मी वाकून अ‍ॅम्पचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. आवाज वाढला म्हणावा तर फारसा नाही. पण सूर? एसटी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये जो काढते ना, तोच! दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोह्यांची ताटली हातात पडायच्या आधी चार टाळक्यांनी एकसुरात भर्रर्र केलं. ते आठवडाभर चाललं. रेक्टर सरसुद्धा जिन्यात भेटले तेव्हा हसू दाबत होते, शपथ!

शेवटी अ‍ॅम्प उचलून इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये नेला. लॅबच्या काकांनी काही न बोलता सीआरओ जोडला. आवाज कमी असताना पडद्यावर छान गोल लाट. बटण वाढवत गेलो तसे लाटेचे माथे कापले जाऊन डोंगराचं पठार झालं. क्लिपिंग! हीच आकृती मी आदल्या वर्षीच्या जर्नलमधून पट्टी लावून उतरवून काढली होती, सही पण मिळवली होती. तिचा आवाज असा येतो हे कुठे माहीत होतं? माथा कापला गेला की त्या लाटेत मुळात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी येऊन मिसळतात, म्हणून सूर बदलतो. काकांनी विचारलं, हे वाद्य काढलं कुणी? मी म्हटलं, फेंडर. (माझी गिटार अर्थात त्याची स्वस्तातली नक्कल.) ते म्हणाले, मग त्यालाही हाच त्रास झाला असेल, बघ त्याने काय केलं ते. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो. एकेरी लिहितोय, राग नसावा. इतके दिवस सोबत काढल्यावर अहो-जाहो जमत नाही.

क्लॅरेन्स लिओनिदास फेंडर, घरचं नाव लिओ. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन-अनाहाइम भागात. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. म्हणजे नागपूरकडच्या आपल्या मित्रांना हा माणूस पहिल्या ओळीतच जवळचा वाटावा. आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाली आणि डावा डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसवला, तो जन्मभरासाठी. पुढे महायुद्धात सगळे तरुण सैन्यात गेले तेव्हा लिओला या डोळ्यामुळेच घेतलं नाही. तो दुकानात बसून सोल्डरिंग करत राहिला.

त्याच्या काकांचं मोटारीच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. त्यांनी त्याला मोटारीच्या जुन्या रेडिओचे सुटे भाग आणि एक बॅटरी पेटीत भरून पाठवली. पुढे तो त्यांच्या दुकानात गेला तेव्हा त्यांनी घरी बनवलेल्या रेडिओच्या भोंग्यातून मोठ्ठा आवाज येत होता. पोराच्या डोक्यात तो आवाज कायमचा बसला. आपल्याकडे गणपतीत कर्ण्यासमोर कान लावून उभी राहणारी पोरं असतात, त्यातलाच हा.

आता गंमत बघा. एवढी आवड असलेल्या मुलाने शिकावं काय? अकाउंट्स! ज्युनिअर कॉलेजात त्याने हिशेबाचा कोर्स केला. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही पेपर त्याने कधी दिला नाही, ना सबमिशन, ना व्हायवा. (आमच्या अ‍ॅनालॉगच्या केटीवाल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये, मी काढून बघितला आहे.) हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. त्याच काळात एका स्थानिक बँडवाल्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची व्यवस्था करून मागितली, आणि लिओने असे सहा संच बनवून दिले. मग मंदी आली. सरकारी हायवे खात्यातली नोकरी गेली, नंतरची टायर कंपनीतलीही गेली. १९३४ मध्ये लग्न झालेलं, हातात काम नाही. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर कर्ज काढून फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नाव, फेंडर रेडिओ सर्व्हिस.

या दुकानाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते सगळं इथेच घडलं. रेडिओबरोबर तिथे वादकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे. म्हणजे एखादी गोष्ट कुठे आणि का बिघडते हे लिओने आधी पाहिलं, बनवायला नंतर घेतलं. आपल्याला उलटं शिकवतात, आधी आदर्श सर्किट आणि मग जमलं तर फॉल्ट फाइंडिंग. त्यामुळे लिओने पुढे जे जे बनवलं ते पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणालाही उघडता यावं असं. गिटारचा दांडा सरसाने चिकटवायची पद्धत होती, याने तो सरळ चार स्क्रूंनी आवळला. खराब झाला, काढा, दुसरा लावा! जुने कारागीर नाकं मुरडत राहिले.

लिओला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकला होता तेवढंच. गिटार तर त्याला सुरात लावताही येत नसे. मग तो काय करायचा? वादकांना बोलवायचा, त्यांच्या हातात नमुना द्यायचा आणि ऐकत बसायचा. त्यांच्या कार्यक्रमांना जायचा. ते कुरकुर करतील ती ऐकून परत येऊन बदल करायचा. परत बोलवायचा.

युद्धाच्या शेवटाकडे डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर त्याने के अँड एफ नावाचा छोटा धंदा काढला. १९४६ च्या सुमारास डॉक बाहेर पडला, धंद्यात आपलं सगळं बुडेल ही धास्ती त्याला होती. लिओ एकटा पुढे गेला. १९५० मध्ये त्याने पोकळ डब्याऐवजी भरीव लाकडाची विजेवरची गिटार बाजारात आणली. तिचं एक नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत होतं म्हणून बदलावं लागलं. तीच पुढे टेलिकास्टर झाली. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बेसकडे वळू द्या.

त्या काळी बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस, उभ्याने वाजवायचा. तो मोटारीत मावायचा नाही, टपावर बांधून न्यायचा. एवढं धूड वाहून न्यायचं आणि बँड रंगात आला की त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. (वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.) शिवाय त्याच्या दांड्यावर पट्ट्या नसतात, त्यामुळे बोट दोरीभर इकडेतिकडे पडलं की सूर हलला. विजेवरचा बेस बनवण्याचा प्रयत्न सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात केला होता, पण तो फारसा चालला नाही. लिओने १९५१ मध्ये गिटारसारखा आडवा धरायचा, पट्ट्या असलेला बेस आणला. पट्ट्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन बेस. तारेची लांबी वेगवेगळी ठेवून बघत त्याने ३४ इंच पक्की केली. आजही बहुतेक बेस गिटारची लांबी तीच असते, माझ्या नकलेचीसुद्धा! मंक माँटगोमेरी हा वादक हे वाद्य घेऊन लायोनेल हॅम्प्टनच्या जाझ बँडबरोबर फिरला आणि बाकीच्यांनी माना वळवून बघायला सुरुवात केली.

पण खरी अडचण इथून पुढे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. आपला कान इतक्या खालच्या सुरांना फार मंद असतो. गिटारची किणकिण थोड्या वॅटमध्ये कानात घुसते, पण बेस तितकाच मोठा वाटायला कितीतरी जास्त पॉवर लागते आणि स्पीकरच्या पडद्यालाही खूप पुढेमागे हलावं लागतं. तेव्हाच्या गिटारच्या अ‍ॅम्पला हे झेपणं शक्य नव्हतं. म्हणून १९५२ मध्ये लिओने फक्त बेससाठी अ‍ॅम्प काढला, बेसमन. त्यात १५ इंची एक स्पीकर. थोड्या वर्षांनी रचना बदलून १० इंची चार स्पीकर लावले.

बेसमनमध्ये निगेटिव्ह फीडबॅक वापरलेला होता. होय, तोच! आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे आणायचा, म्हणजे अ‍ॅम्पने केलेली मोडतोड आपोआप कमी होते. ही कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक या बेल लॅबच्या इंजिनिअरला १९२७ मध्ये कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. टेलिफोनवरचं बोलणं हजारो मैल जाताना मोठं करायचं पण बदलू द्यायचं नाही, हा त्याचा प्रश्न होता. माझ्या आठ मात्रांचा प्रश्न याहून वेगळा कुठे होता? मी हे डेरिव्हेशन दोनदा पाठ केलंय, एकदा परीक्षेला आणि एकदा केटीला. ते कशासाठी आहे हे तिसऱ्यांदा कळलं.

आता नशीब कसं असतं बघा. बेसवाल्यांसाठी बनवलेला बेसमन गिटारवाल्यांनी पळवला. त्यांनी त्याची बटणं पार पिळली आणि क्लिपिंगचा तो खरखरीत आवाज त्यांना आवडला! १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात बेसमनच्या सर्किटवरून नवा अ‍ॅम्प तयार झाला आणि त्यातून पुढे मार्शलचं घराणं उभं राहिलं. रॉकचा गिटारचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो त्याच्या मुळाशी लिओच्या लेखी दोष असलेली गोष्ट आहे. लिओचा कल मात्र स्वच्छ आवाजाकडे. डिक डेल नावाचा एक दांडगा गिटारवाला होता, समुद्रकिनाऱ्याजवळच्या मोठ्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचा. तो लिओचे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक जाळायचा. दुसरा कुणी असता तर वॉरंटी नाही म्हणून मोकळा झाला असता. लिओ स्वतः त्या गर्दीत जाऊन उभा राहिला, ऐकलं, आणि परत येऊन जास्त वॅटचा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा शोमन अ‍ॅम्प बनवायच्या मागे लागला. जेबीएलचा १५ इंची स्पीकरही त्यात आला. बटण पिळून सूर फाटतोय तर बटणामागे जास्त जागा करा, असा त्याचा सरळ हिशेब. हा शब्द लक्षात ठेवा, जागा. खाली लागणार आहे.

यानंतरचा भाग मला वाचताना जड गेला. १९५० च्या दशकातच लिओला सायनसचा जंतुसंसर्ग जडला होता आणि तो काही केल्या जाईना. कारखाना तर वाढत चाललेला. आपण आता फार दिवसांचे सोबती नाही असं त्याने मनाशी धरलं आणि जानेवारी १९६५ मध्ये सगळी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नाव, कारखाना, डिझाइन, सगळं. आणि मग काही वर्षांनी एका डॉक्टरने त्याला खडखडीत बरं केलं!

विचार करा. हातात पैसा मुबलक, तब्येत उत्तम, आणि ज्या गिटारवर आपलं आडनाव आहे तिला हात लावायची सोय नाही. करारात दहा वर्षं स्पर्धेत न उतरण्याची अट होती. काही वर्षं तो सीबीएसचा सल्लागार होता, पण सल्ला घ्यायला तिथे कोण बसलंय? आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. एकाचं म्हणणं, एवढे पैसे मिळाले, संत्र्याच्या बागेत खुर्ची टाकून बसायचं. मला नाही पटत. ज्याला हातात इस्त्री... चुकलो, सोल्डरिंग आयर्न धरून चाळीस वर्षं झाली, तो खुर्ची टाकून करणार काय?

त्याने तेच केलं जे तो करत आला होता. त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या कंपनीत, जिचं नाव पुढे म्युझिक मॅन झालं, तो आला. अटीची मुदत संपल्यावर १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. आणि १९७६ मध्ये, वयाच्या सदुसष्टीला पोचताना, स्टिंगरे नावाचा बेस बाजारात आला. त्याच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रीअ‍ॅम्प!

हे कशाला, ते सांगतो. साध्या बेसचं पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. त्याचा इंपिडन्स मोठा. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं उतरवलं की वाटेत रेझिस्टन्स येतो, आणि पुढे लांबलचक केबल आहे तिची कपॅसिटन्स. रेझिस्टन्स आणि कपॅसिटर मिळून काय होतं? लो पास फिल्टर, बरोबर! आवाज उतरवला की वरचे सूर आधी जातात आणि बेस गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतो. म्हणजे साध्या गिटारवर आवाज कमी-जास्त केला की स्वरही बदलतोच. मी काही दिवस बटण अर्ध्यावर ठेवून तुकड्याला उघडायचा उद्योग केला होता, त्यात हाच घोळ झाला. पिकअपला लागूनच प्रीअ‍ॅम्प बसवला की बाहेर येणारा सिग्नल लो इंपिडन्सचा असतो. मग केबल लांब असली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. १९५१ मध्ये जी गोष्ट अर्धवट राहिली होती ती त्याने पंचवीस वर्षांनी पुरी केली, आणि तीही आपल्याच नावाच्या कंपनीसमोर उभं राहून.

आम्ही, म्हणजे लॅबच्या काकांनी आणि मी, त्यावरून एक डबा केला. टीएल०७२ ऑप-अँप, ९ व्होल्टची बॅटरी, इनपुट इंपिडन्स १ मेगओम, गेन २. डबा पायाने दाबायचा, म्हणजे सिग्नल दुप्पट, डेसिबलमध्ये ६. प्रॅक्टिसला मोठ्या तोऱ्यात पाय ठेवला आणि... भर्रर्र! बँडवाले जमिनीवर लोळले. मी रडायच्या बेतात. काकांनी शांतपणे पाटीवर गणित मांडलं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. माझा अ‍ॅम्प ६० वॅटचा, आणि तो आधीच कमाल मर्यादेला टेकलेला. चौपट आणणार कुठून? तुकड्याला ६० हवे असतील तर बाकीचं गाणं १५ वॅटच्या आतच वाजलं पाहिजे. पुढे जागा सोडल्याशिवाय बूस्ट कसला? शोमन बनवताना लिओने दुसरं काय केलं होतं! माझ्याकडे मोठा अ‍ॅम्प घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी उलट्या बाजूने गेलो, नेहमीचा आवाज खाली आणला. त्यासाठी दोन्ही गिटारवाल्यांना आणि ड्रमवाल्याला आवाज कमी करायला लावणं हे सर्किटपेक्षा शंभर पट अवघड काम निघालं. वडापावच्या तीन पार्ट्या द्याव्या लागल्या. आणि ६ डेसिबल म्हणजे आवाज दुप्पट वाटतो असंही नाही बरं का, त्याला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट पॉवर. पण बाकीचे गप्प असताना ६ पुरतात.

म्युझिक मॅनमध्येही पुढे लिओचं बिनसलं. १९८० मध्ये जॉर्ज फुलर्टन या जुन्या साथीदाराबरोबर त्याने आणखी एक कंपनी काढली, जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. त्याच्या आधीच्या वर्षी पहिली पत्नी एस्थर वारली होती, नंतर त्याने फिलिसशी लग्न केलं. कारखाना फुलर्टनमध्येच, आणि रस्त्याचं नाव फेंडर अ‍ॅव्हेन्यू! गिटारवर स्वतःचं आडनाव लिहिता येत नव्हतं, पण कारखान्याच्या पत्त्यात ते होतं. पुढे पार्किन्सन्सने हात थरथरायला लागले तरी तो रोज कामावर यायचा, पिकअप आणि ब्रिज यांच्यात काही ना काही खुडबुड करत बसायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला, वय ८१. त्यानंतरही कारखान्यातली त्याची कामाची खोली, टेबलावरच्या हत्यारांसकट, तशीच ठेवली होती.

फ्रेशर्स पार्टीला आम्ही तेच गाणं परत घेतलं. आठ मात्रा आल्या, मी डबा दाबला. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी भर्रर्रही केलं नाही. खाली उतरल्यावर मेसचे मामा जवळ आले आणि त्यांनी विचारलं, ते मधेच जाड आवाजाचं छान वाजलं ते काय होतं? मी गिटार पुढे केली. त्यांनी एक तार छेडून बघितली, अ‍ॅम्प बंद होता, काहीच ऐकू आलं नाही.